आठ सेकंदांचं गावठाण: रात्रीचे फोटो काढायला लागताना

नेरुळ-बेलापूरच्या आखीव सेक्टरांतून चालताना एखाद्या वळणावर रस्ता एकदम अरुंद होतो, फूटपाथ गायब होतो, इमारती एकमेकींना टेकल्यासारख्या उभ्या दिसतात आणि कुठूनतरी सुक्या बोंबलांचा वास येतो. तुम्ही गावठाणात शिरलेले असता. नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेतली गेली. शेतं आणि मिठागरं गेली, गावठाणं मात्र जागेवर राहिली. करावे, दिवाळे, सारसोळे, शिरवणे, घणसोली. लहान गावाची रात्र टिपायला गाडी काढून लांब कुठे जायची गरज नाही, ती लोकलच्या एका तिकिटावर आहे.

ज्यांच्याकडे मॅन्युअल मोड असलेला कुठलाही कॅमेरा आहे आणि ज्यांनी शटर काही सेकंद उघडं ठेवून अजून एकही फोटो काढलेला नाही, त्यांच्यासाठी हे लिहितोय. एक गोष्ट आधीच सांगतो. शिकताना सगळे समजतात की रात्री प्रकाश कमी म्हणून शटर जास्त वेळ उघडं ठेवायचं. गावठाणात प्रकाश कमी नसतो, नको तितका असतो. शटर पुरेसा वेळ उघडं ठेवलं तर कॅमेरा मध्यरात्रीची दुपार करून दाखवतो. आपलं काम उलटं आहे: रात्र रात्रच दिसू द्यायची.

कॅमेरा नंतर, आधी फेरी

पहिल्या दिवशी कॅमेरा घरी ठेवा. संध्याकाळी सातच्या सुमारास गावात एक फेरी मारा, चहा प्या आणि दिवे बघा. खांबावरचा दिवा जुना पिवळा सोडियमचा आहे की पांढरा एलईडी? घराच्या दारातली ट्यूब कुठल्या भिंतीवर पडते? देवळाची माळ रोज लागते की फक्त सणाला? किराणा दुकानाचा फ्लेक्सबोर्ड किती वाजता विझतो? हा शेवटचा प्रश्न फार महत्त्वाचा. एक उजळलेला बोर्ड अख्खी चौकट खाऊन टाकतो. तो विझेपर्यंत थांबायचं की तो चौकटीबाहेर ठेवायचा, हे आधीच ठरलेलं बरं.

फेरीचा दुसरा फायदा माणसांचा. मी पहिल्यांदा ट्रायपॉड उघडून एका गल्लीच्या तोंडाशी उभा राहिलो, तेव्हा ओट्यावर बसलेल्या काकांनी विचारलं, "मोजणी हाय का?" जमीन गेलेल्या गावात तीन पायांचं काहीतरी घेऊन अनोळखी माणूस आला, तर तो मोजणीवालाच वाटणार, यात त्यांचं काही चुकलं नाही. मी कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर देवळाचा फोटो दाखवला. काकांनी तो नीट बघितला आणि म्हणाले, "मग इकडं उभा राहा. तिकडं गटार दिसंल." त्यांचं बरोबर होतं. तेव्हापासून ट्रायपॉड उघडण्याआधी मी ओट्यावर कोण बसलंय ते बघतो, आणि नमस्कार करून काय करतोय ते सांगतो. कोणाच्या उघड्या दारातून घराच्या आत कॅमेरा रोखायचा नाही. मावशी मासळी निवडत बसल्या असतील तर विचारायचं, नाही म्हणाल्या तर पुढे जायचं.

ठाण्यात राहत असाल आणि एकदम गल्लीत जायला संकोच वाटत असेल, तर पहिली संध्याकाळ तलावपाळीला घालवा. मासुंदा तलावाच्या काठावर कॅमेरा घेऊन उभं राहिलेल्याकडे कोणी दुसऱ्यांदा बघत नाही, आणि पलीकडच्या काठावरचे दिवे पाण्यात उतरलेले असतात. शटर १५ सेकंद उघडं ठेवलं की पाण्यावरच्या लाटा पुसल्या जातात आणि दिव्यांचे लांब पट्टे उरतात. शिकायला इतकी सोपी जागा दुसरी नाही. फक्त ट्रायपॉडचे पाय लोकांच्या चालण्याच्या वाटेत पसरू नका.

सामान

कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ची लेन्स पुरते. महागडी एफ १.४ लेन्स इथे जवळजवळ वाया जाते, कारण आपण एफ ८ वर काम करणार आहोत. एफचा आकडा म्हणजे लेन्सचं छिद्र, अ‍ॅपर्चर, किती उघडं ते. आकडा लहान तितकं छिद्र मोठं. पैसे खर्च करायचेच असतील तर ट्रायपॉडवर करा. स्वस्त, हलका प्लास्टिकचा ट्रायपॉड हॉलमध्ये छान उभा राहतो, पण खाडीवरच्या वाऱ्यात थरथरतो, आणि ती थरथर घरी मोठ्या पडद्यावरच दिसते. तोच हाताशी असेल तर मधली दांडी वर काढू नका, सगळ्यात बारीक पाय उघडू नका आणि पिशवी मधल्या हुकाला अशी लावा की तिचा तळ जमिनीला टेकेल. लोंबकळती पिशवी स्वतःच झोके घेते.

लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर रात्री काढून ठेवा. खांबावरच्या दिव्याचं त्यात प्रतिबिंब पडतं आणि आकाशात हिरवट ठिपके उमटतात. नवे लोक ते ठिपके म्हणजे लेन्सचा दोष समजून दुकानात जातात. लेन्समध्ये किंवा कॅमेऱ्यात स्थिरीकरण, म्हणजे हाताची थरथर सावरणारी सोय, असेल तर तेही बंद करा. ट्रायपॉडवर हलत काहीच नसतं, तरी काही लेन्स हालचाल शोधत बसतात आणि फोटो किंचित पुसट होतो. शटरचं बटण बोटाने दाबलं की कॅमेरा हलतो, म्हणून २ सेकंदांचा टायमर लावा. वेगळा रिमोट नसला तरी चालतं. खिशात छोटी टॉर्च, एक सुती फडकं आणि डोक्यावर काळी टोपी. टोपीचं काम पुढे येईल.

वेळ: रात्र नव्हे, तिन्हीसांजेनंतरची वीस मिनिटं

इथे मी जरा हट्टी आहे. गावठाणाचे चांगले फोटो नऊ वाजता निघत नाहीत. ते सूर्यास्तानंतर साधारण पंधराव्या मिनिटापासून पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत निघतात. त्या वेळात आकाश गडद निळं असतं आणि घरातले दिवे लागलेले असतात. दोन्हींचा उजेड जवळजवळ सारखा, त्यामुळे एकाच फोटोत छपरांच्या कडाही दिसतात आणि खिडक्याही जळत नाहीत. तो निळा रंग बराचसा ओझोनचा आहे. सूर्य क्षितिजाखाली गेल्यावर त्याचा प्रकाश वातावरणाच्या वरच्या थरांतून लांब तिरका प्रवास करतो, आणि ओझोन त्यातला पिवळा-तांबडा भाग शोषून घेतो. आपल्याकडे, १९ अंश अक्षांशावर, सूर्य क्षितिजाखाली बराच सरळ उतरतो, म्हणून हा निळा वेळ युरोपातल्या फोटोंत दिसतो तितका रेंगाळत नाही. शोधाशोध त्यात करायची नाही. जागा आधी ठरलेली, ट्रायपॉड आधीच उभा, फोकस आधीच झालेला हवा.

सूर्यास्त नोव्हेंबरअखेरीस सहाच्या आसपास होतो, जूनअखेरीस सात वाजून वीस मिनिटांच्या जवळ. ऑफिसातून धावत येणाऱ्यांनी याचा विचार करावा. हिवाळ्यात ही वेळ लोकलमध्येच निघून जाते.

दुसरी वेळ अकरानंतरची. दुकानांची शटरं पडलेली, बोर्ड विझलेले, आणि एखादाच खांब जागा. तेव्हा आकाश निळं नसतं, शहराच्या उजेडाने ते मळकट नारिंगी दिसतं. म्हणून या वेळी आकाश चौकटीत जवळजवळ घेऊच नका. गल्ली, भिंत, पायऱ्या, एखादी झाकलेली रिक्षा. एवढं पुरे.

हिशेब

कॅमेरा मॅन्युअल मोडवर. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची माहिती, नंतर घरी दुरुस्त करता येणारी. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाची संवेदनशीलता, १००. अ‍ॅपर्चर एफ ८. व्हाइट बॅलन्स, म्हणजे फोटोत पांढरा रंग कुठला धरायचा ते सेटिंग, ऑटो नको. तो दर फोटोला आपलं मत बदलतो आणि मग एकाच गल्लीचे चार फोटो चार गावांचे वाटतात. ३८०० केल्विनच्या आसपास ठेवा. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचं माप, आकडा लहान तितका दिवा पिवळा. सोडियमचा दिवा २००० केल्विनच्या जवळ असतो, बरेचसे पांढरे एलईडी ४००० ते ६००० केल्विनच्या दरम्यान. मधला आकडा धरला की पिवळा दिवा पिवळा राहतो आणि पांढरा फार निळा होत नाही. पिवळा दिवा "दुरुस्त" करून पांढरा करू नका. गावाच्या रात्रीचा निम्मा रंग त्याच दिव्याचा असतो.

फोकस ऑटोवरच करा, पण जिथे उजेड आणि अंधाराची स्पष्ट कड असेल तिथे. देवळाची कमान, खांबाची कड किंवा खिडकीचे गज. फोकस लागला की लगेच मॅन्युअलला टाका. नाहीतर पुढच्या वेळी बटण दाबल्यावर लेन्स अंधारात पुढे-मागे करत बसते आणि निळा वेळ निघून जातो. पडद्यावर दहापट मोठं करून एकदा खात्री करून घ्या.

आता शटर किती वेळ? दर वेळी आठ-आठ सेकंद थांबून अंदाज घेत बसायची गरज नाही. आयएसओ ६४०० करा आणि अ‍ॅपर्चर तेच ठेवून एक झटपट फोटो काढा. समजा सेकंदाच्या आठव्या भागात तो ठीक आला. आयएसओ ६४०० वरून १०० वर येणं म्हणजे प्रकाश ६४ पट कमी, म्हणून वेळ ६४ पट जास्त. एक अष्टमांश गुणिले ६४, म्हणजे ८ सेकंद. झालं. आयएसओ १०० करा, शटर ८ सेकंदांवर ठेवा आणि काढा. निळ्या वेळात आकाश झपाट्याने काळवंडतं, म्हणून दर तीन-चार मिनिटांनी वेळ वाढवत न्यावी लागते.

मागच्या पडद्यावर विश्वास ठेवू नका. हीच सगळ्यात मोठी फसवणूक आहे. अंधारात डोळे विस्फारलेले असतात, पडदा लखलखीत असतो, आणि त्यावर कुठलाही फोटो उत्तम दिसतो. पडद्याची चमक आधीच कमी करून ठेवा आणि हिस्टोग्राम बघा, म्हणजे फोटोत काळोख किती (डावीकडे) आणि उजेड किती (उजवीकडे) ते दाखवणारा आलेख. रात्रीच्या फोटोचा आलेख डावीकडे कललेलाच असायला हवा. उजव्या टोकाला थोडीशी रेघ चालते, कारण दिव्याचा गोळा पांढरा होणारच. पण आलेखाचा ढीग मधोमध आला, तर तुम्ही मध्यरात्रीची दुपार केली आहे. वेळ निम्मा करा.

एफ ८ किंवा एफ ११ वर दिव्यांच्या भोवती किरण फुटतात, त्याचा एक गमतीचा नियम आहे. लेन्सचं छिद्र लहान-मोठं करणाऱ्या पाकळ्यांची संख्या सम असेल तर तितकेच किरण, विषम असेल तर दुप्पट. सहा पाकळ्यांना सहा, सातला चौदा. एफ १६ च्या पुढे जाऊ नका, किरण वाढतात पण सगळा फोटो मऊ पडतो.

एक सेटिंग नव्यांना हमखास गोंधळात टाकतं. २० सेकंदांचा फोटो काढला की कॅमेरा आणखी २० सेकंद गप्प बसतो आणि वाटतं की तो बिघडला. तो लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन चालवत असतो, म्हणजे शटर बंद ठेवून तितक्याच वेळाचा एक काळा फोटो काढून त्यातले चमकणारे ठिपके मूळ फोटोतून वजा करतो. निळ्या वेळात हे बंद ठेवा, मिनिटं मोजकी असतात. अकरानंतर, घाई नसताना, चालू केलं तर चालेल. उकाड्यात ते ठिपके जास्त येतात.

गल्लीत काय हलतं

आठ सेकंदांत सरळ चालत जाणारा माणूस नाहीसा होतो. तो एका जागी जेमतेम क्षणभर असतो, मग कॅमेऱ्यात त्याचं काही उरतच नाही. तीन सेकंद थबकून फोन बघणारा माणूस भुतासारखा अर्धपारदर्शक उमटतो. ओट्यावर टेकून बसलेली आजी मात्र चक्क स्पष्ट येते. कोण राहणार आणि कोण पुसलं जाणार हे तुम्ही शटरच्या वेळेने ठरवता, आणि मला तरी या सगळ्या उद्योगातली खरी मजा यातच वाटते. माणसं दिसायला हवी असतील तर वेळ अर्ध्या-एक सेकंदावर आणा. त्यासाठी आयएसओ ८०० केला तरी बिघडत नाही.

रिक्षा जाताना मागच्या लाल दिव्यांची रेघ उमटते, ती छान दिसते. येणारी रिक्षा मात्र सगळा फोटो पांढरा करते. इथे टोपी. हेडलाइट सरळ लेन्सवर आला की कॅमेऱ्याला धक्का न लावता टोपी लेन्ससमोर धरायची आणि रिक्षा बाजूला गेली की काढायची. शटर उघडंच राहतं, फक्त तेवढे दोन सेकंद त्यात जात नाहीत. जितका वेळ टोपी धरली तितका वेळ एक्सपोजरमध्ये जास्त धरा.

दोरीवरचे कपडे, देवळावरचा भगवा, मांडवाची झालर, हे सगळं वाऱ्याने हलतं. हलू द्या. लग्नसराईत हळदीच्या रात्री आगरी-कोळी गावात गेलात तर गल्लीभर रोषणाईच्या कमानी असतात आणि डीजेच्या ठोक्याने जमीन अक्षरशः हादरते. ट्रायपॉडसुद्धा नाचतो. तिथे लाँग एक्सपोजरचा नाद सोडून द्या. एकतर जेवायला बसा, नाहीतर गावाच्या दुसऱ्या टोकाला जा. आणि कुत्री. ट्रायपॉडवर भुंकायला त्यांना फार आवडतं. खाली बसलं की बहुतेक वेळा शांत होतात.

होड्या, आणि पंचांगाचा उपयोग

दिवाळ्याच्या किंवा सारसोळ्याच्या जेट्टीवर पहिल्यांदा गेलात की होड्यांचा फोटो काढावासा वाटणारच. काढल्यावर सगळं स्पष्ट येईल, होड्या सोडून. तरंगती होडी सतत डुलते, आठ सेकंदांत तिच्या दोन-तीन होड्या होतात. यावर कॅमेऱ्यात उपाय नाही, खाडीत आहे. ओहोटीला होड्या चिखलात टेकतात आणि भिंतीसारख्या स्थिर उभ्या राहतात. मग तुम्ही खुशाल एक मिनिट शटर उघडं ठेवा.

ओहोटी नेमकी निळ्या वेळात कधी येते? किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांचा हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा-अमावास्येला ती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या मागेपुढे येते, म्हणजे ओहोटी साधारण सहाच्या सुमारास. म्हणून चिखलातल्या होड्या हव्या असतील तर पौर्णिमा किंवा अमावास्या आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस. तेव्हा उधाण असतं, पाणी खूप मागे सरतं आणि चिखल लांबवर उघडा पडतो. भरलेली खाडी आणि पाण्यात उतरलेले दिवे हवे असतील तर अष्टमीच्या आसपास या. भांगाची भरती असल्याने पाणी जोरात नसतं. हा सगळा ढोबळ अंदाज. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते आणि खाडीत जितकं आत जाल तितका उशीर होतो, म्हणून निघण्याआधी भरतीचं वेळापत्रक बघाच.

पौर्णिमेला सूर्य मावळताना पूर्वेला चंद्र उगवतो. तो चौकटीत घ्यायचा मोह होईल. पण पूर्ण चंद्र म्हणजे उन्हातली वस्तू आहे, आठ सेकंदांत त्याचा नुसता पांढरा गोळा होतो. मी त्याला चौकटीबाहेर ठेवतो आणि चिखलावर पडलेला त्याचा उजेड घेतो. ओला चिखल चांदण्यात शिशासारखा चमकतो.

चिखलात मात्र उतरू नका. वरून घट्ट दिसतो आणि मांडीपर्यंत आत घेतो. जेट्टीवर कोणी चालत असेल तर ती किंचित हादरते, ते लांब जाईपर्यंत थांबा. रेल्वेच्या हद्दीत किंवा स्टेशनात परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू नका. पोलिसांनी हटकलं तर ओळखपत्र दाखवा, काढलेले फोटो दाखवा आणि जायला सांगितलं तर जा. रात्री एकट्याने जाण्यापेक्षा दोघं गेलेले केव्हाही बरे. एक कॅमेऱ्यात डोकं घालून असताना दुसऱ्याचं लक्ष पिशवीवर राहतं.

फोन असेल तर

फोनचा नाइट मोड शटर एकदाच उघडं ठेवत नाही. तो बरेच छोटे फोटो काढून एकत्र करतो. म्हणून हातात धरूनही फोटो स्पष्ट येतो, पण हलत्या रिक्षाची रेघ नीट येत नाही, तुटक-तुटक होते. रेघ हवी असेल तर प्रो मोडमध्ये जा, आयएसओ सगळ्यात कमी करा, शटर ४ सेकंद, आणि फोन छोट्या स्टँडवर किंवा विटेला टेकवून ठेवा. आणखी एक: फोनला रात्र आवडत नाही. तो सगळं उजळून ठेवतो. पडद्यावर बोट टेकवून एक्सपोजरची पट्टी चांगली खाली ओढा, अगदी वाईट दिसेपर्यंत, मग किंचित वर.

दमट हवा आणि पाऊस

एसीच्या खोलीतून थंडगार लेन्स घेऊन थेट खाडीवर गेलात की काच धुरकटते, पुसली तरी पुन्हा धुरकटते. निघण्याआधी अर्धा तास कॅमेऱ्याची पिशवी एसीबाहेर ठेवा. पावसाळ्यात सरींच्या मधला अर्धा तास सोडू नका. ओली गल्ली एका दिव्याचे दोन दिवे करते, आणि एरवी मरतुकडी वाटणारी सिमेंटची वाट चमकायला लागते. एका हातात छत्री, कॅमेऱ्यावर फडकं, लेन्स किंचित खाली झुकवलेली.

घरी आल्यावर

रॉ फाइल उघडली की हात आपोआप काळोख उजळवणाऱ्या पट्टीकडे जातो. तिला हात लावू नका. आधी हायलाइट, म्हणजे सगळ्यात उजळ भाग, खाली आणा, मग पांढरा रंग बघा, आणि काळोख आहे तसा ठेवा. कोपरे काळे राहिले तर राहू देत. खिडक्या जळल्या असतील आणि ट्रायपॉड जागचा हलला नसेल, तर निळ्या वेळातला एक फोटो आणि त्यानंतर अर्ध्या तासाने काढलेला एक कमी वेळाचा फोटो एकावर एक ठेवता येतात. छपरं पहिल्यातली, खिडक्या दुसऱ्यातल्या. पहिल्या महिन्यात या भानगडीत पडू नका, एकाच फोटोत दोन्ही जमवायला शिका.

जमलेल्या दोन-तीन फोटोंच्या ४ बाय ६ च्या प्रती काढून घ्या आणि पुढच्या खेपेला गावात घेऊन जा. मी मोजणीवाल्या काकांना त्यांच्या गल्लीचा एक फोटो नेऊन दिला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, बराच वेळ बघितला आणि विचारलं, "माणसं कुठं गेली सगळी?"